नऊचा मुहूर्त

“नवरदेव कुठाय?”

हवालदार मुल्लांनी टेम्पोची ताडपत्री वर केली आणि आत बॅटरी मारली. सकाळचे साडेआठ वाजले होते, ऊन लख्ख पडलं होतं. पण सरकारनं हातात बॅटरी दिलीय म्हटल्यावर माणूस ती मारणारच.

“मीच,” मी म्हणालो.

बॅटरीचा झोत माझ्या बाशिंगावर आला, तिथून मिशीवर उतरला आणि मिशीतल्या पांढऱ्या केसांत जरा रेंगाळला.

“वय?”

“पस्तीस.”

“कुणाचं?”

माझ्या शेजारी आमच्या गावच्या दूध डेअरीचे चेअरमन आनंदराव साळोखे फेटा बांधून बसले होते. ते घाईनं म्हणाले, “पोरगं उन्हातान्हात लई राबतंय हो. म्हणून जरा पोक्त दिसतंय.”

“तुम्ही कोण?”

“वरबाप.”

हे वरबाप माझ्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटे. मी चौथीत होतो तेव्हा ते पहिलीत शेंबूड ओढत बसायचे. एरवी हा माणूस माझ्या अंगणात उभ्यानंसुद्धा चहा पीत नसे. का पीत नसे ते पुढं माझं आडनाव ऐकलंत की कळेलच. पण त्या दिवशी मोरखिंडीत, हवालदाराच्या बॅटरीसमोर, त्यांनी मला बिनबोभाट पोटचा पोरगा करून टाकलं. आजार माणसाला काय काय करायला लावतो!

आता आजार कोणता, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. टेम्पोत बसलेल्या आम्हा सगळ्यांना एचआयव्ही होता. नवऱ्याला, वरबापाला, करवलीला आणि मागं ढोल मांडीवर घेऊन बसलेल्या वऱ्हाडाला. आणि सगळ्यांच्या गोळ्या संपत आल्या होत्या. वडजाईच्या सरकारी दवाखान्यात पोचलो तर गोळ्या मिळणार, नाहीतर नाही. लग्न-बिग्न काही नव्हतं.

मी कृष्णात आवळे. सोनकवठ्याचा बँडमास्तर. क्लॅरिनेट वाजवतो. हा आजार मला कुठून आला ते विचारू नका, मलाही नक्की माहीत नाही. बायको आधीच गेलेली, पोरबाळ नाही. वजन इतकं उतरलं होतं की फुंकर मारायला क्लॅरिनेट उचललं तर लोकांना कळेना, कोण कुणाला धरून उभा आहे. मग गोळ्या सुरू झाल्या, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. सहा महिन्यांत मी पुन्हा वरातीपुढं उभा राहून फुंकायला लागलो. गोळी काम करते हो. तिची अट एकच. ती चुकवायची नाही. वडजाईच्या समुपदेशक ताई बोट नाचवून सांगायच्या, “मास्तर, वेळ चुकली की तो आतला विषाणू शेफारतो. मग हीच गोळी त्याला पचायला लागते. मग मी काही करू शकत नाही, तुम्ही नाही, आणि देवही नाही.”

आता तुम्ही म्हणाल, सोनकवठ्याचा माणूस औषधाला वडजाईला कशाला? मधे अख्खा घाट, खिंड, एसटीनं दीड तास. सोनकवठ्यात दवाखाना नाही का?

आहे की! तस्सं सेंटर आमच्याही गावात आहे. माझ्या दारातून निघून विडी पेटवली तर ती संपायच्या आत मी तिथं पोचेन. पण त्या दवाखान्याच्या फाटकासमोर बबन न्हाव्याचं सलून आहे. सलूनमधला आरसा असा लावलाय की दाढी करताना फाटकातून कोण आत गेला, कोण बाहेर आला, सगळं दिसतं. गावातल्या माणसांच्या दाढ्या वाढायच्या आत बातम्या वाढतात. तेव्हा आम्ही सगळे वडजाईला जायचो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, पहिल्या गाडीनं.

चेअरमनांची कोर्टात तारीख असायची. इतक्या तारखा की एवढ्यात एखाद्याला फाशीसुद्धा झाली असती. पाटलांच्या आळीतल्या हौसाक्काला देवीचा मंगळवार असायचा. मी क्लॅरिनेटची रीड आणायला जायचो. एसटीत आम्ही एकमेकांकडं बघायचो नाही. वडजाईच्या दवाखान्यात एकाच बाकावर बसून सुद्धा बघायचो नाही. पण माझे कान बँडवाल्याचे. गोळ्यांची डबी वाजते. भरलेली डबी मुकी असते, अर्धी झाली की खुळखुळा होते, आणि शेवटच्या दोन-चार उरल्या की टाळासारखी किणकिणते. गाडी खड्ड्यात आपटली की कुणाच्या पिशवीत किती उरल्यात ते मला डोळे मिटून सांगता यायचं. चेअरमन तेवढे हुशार. त्यांनी डबीत कापूस भरला होता.

एकदा पुण्याहून सर्व्हेवाले एक साहेब वडजाईच्या सेंटरला आले. जाड चष्मा, मांडीवर कॉम्प्युटर. आम्हा सोनकवठेकरांना बघून साहेब पार गोंधळले. म्हणाले, “आफ्रिका घ्या, आपला देश घ्या, गरीब मुलखात सगळीकडं एकच दिसतं. दवाखाना जितका लांब, तितकी माणसं औषध सोडतात. तुमचं उलटं! तुम्ही सगळ्यांत लांबचे आणि सगळ्यांत पक्के. शिवाय सोनकवठ्याच्या सेंटरला सोनकवठ्याचा एकही पेशंट नाही. तुमच्याकडं आहे तरी काय?”

चेअरमनांनी खाली बघितलं. हौसाक्कांनी पदर पुढं ओढला.

“हुलग्याचं माडगं खातो साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी ते टिपून घेतलं. पुढं म्हणे दिल्लीला एका सभेत त्यावर चर्चा झाली. खरंखोटं हुलगेच जाणोत.

तर अशा सुखात एसटीचा संप झाला.

पहिले चार दिवस वाटलं, मिटेल. मग आमचा मंगळवार आला, गाडी नाही. वडापच्या जीपनं जावं म्हटलं तर संपवाल्यांनी दोन जीपच्या काचा फोडल्या आणि पोलिसांनी मोरखिंडीत नाकं बसवलं. माणसं भरलेली गाडी सोडायची नाही. लग्न, मयत आणि दवाखाना, एवढ्यालाच परवानगी.

“दवाखाना म्हणून सांगू की,” हौसाक्का म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकमेकांशी बोललो, डेअरीच्या मागं, कॅनच्या आडोशाला.

“आणि हवालदारानं विचारलं, गावात दवाखाना असताना वडजाईला कशाला? कसला आजार? तर?” चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. खिशातून बारीक किणकिण आली. कापूस भरलेल्या डबीतूनसुद्धा! मी ओळखलं, हा माणूस शेवटाला आलाय.

“मयत करू,” कुणीतरी म्हणालं.

“मेलेला कोण?”

कुणी पुढं होईना. तसं पाहिलं तर सगळेच एकदा जवळपास जाऊन आलेले. पुन्हा ती हौस कुणालाच नव्हती.

“मग लगीन,” मी म्हणालो. “टेम्पो चेअरमनांचा, बँड माझा. वाजवायला येत नसलं तरी हातात धरायला येईल. नवरा मी होतो. माझ्या मागं रडायला कुणी न्हाई, मोडलं तर हसायलाबी न्हाई.”

अशा रीतीनं आम्ही बाशिंग बांधून खिंडीत पोचलो होतो.

“नवरी कुठली?” मुल्लांनी विचारलं.

“वडजाईची.”

“मुहूर्त?”

“नऊचा,” माझ्या तोंडून निघून गेलं. आम्हा लोकांना दिवसात दोनच वेळा ठाऊक. दोन्ही नऊ.

“नऊचा? अरे साडेआठ वाजले की! घाट कधी उतरणार?”

“म्हणून तर घाई आहे साहेब. सोडा पटकन.”

मुल्लांनी बॅटरी विझवली. फाटक उघडायला हात टाकला, एवढ्यात वडजाईच्या बाजूनं एक ट्रॅक्टर धापा टाकत खिंडीत शिरला. मागं ट्रॉली. ट्रॉलीत दहा-बारा माणसं. आणि मधोमध, सतरंजीवर, हिरव्या शालूत, कपाळाला मुंडावळ्या बांधलेली एक बाई.

“ही कसली गाडी?” मुल्लांनी दरडावलं.

“लग्नाची!” ट्रॉलीतून उत्तर आलं. “नवरी सोनकवठ्याला चाललीय.”

मुल्ला आमच्याकडं वळले. मग ट्रॉलीकडं वळले. आणि मग त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की जणू दोन जिल्ह्यांचा तपास एका दमात लागला.

“अरे येड्यांनो!” ते ओरडले. “नवरा निघालाय वडजाईला, आणि नवरी निघालीय सोनकवठ्याला! ठरवताना कुणी कुणाला विचारलं न्हवतं का, लगीन कुणाच्या दारात? चुकामूक झाली असती की! मी इथं हाय म्हणून वाचलात!”

  नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारून माझ्याकडं बघितलं. चाळिशीची बाई, रुंद हनुवटी, डोळे असे की चुलीतला विस्तव बघून भाकरी उलटायची वेळ सांगतील.

“हा नवरा?” ती म्हणाली. “हा माझा न्हवं.”

“का बरं?”

“ह्यो म्हातारा हाय. फोटोत केस काळे होते.”

“फोटोत सगळ्यांचेच असतात,” मुल्ला म्हणाले. “माझ्या बायकोला विचारा. उतरा खाली. पुढं जायचं कारण संपलं. नवरा इथं, नवरी इथं, वऱ्हाड इथं, बँड इथं. समोर बिरोबाचं देऊळ. नऊला अजून वेळ हाय. लगीन लागलं की वरात सोनकवठ्याला. नवरा मुलगा नवरीला घेऊन आपल्या गावी जातो, ही रीत. मग माझं फाटक मोकळं.”

“साहेब, भटजी न्हाई,” चेअरमन क्षीण आवाजात म्हणाले.

“मी हाय. एकवीस वर्षं बंदोबस्ताला उभा ऱ्हायलोय मांडवांत. मंगलाष्टकं मला तोंडपाठ.” आणि त्यांनी घसा साफ केला. नंतर कळलं, पोलीस लाईनीतल्या गणपतीची आरतीही तेच सांगायचे. आवाज खणखणीत होता.

खिंडीतल्या कँटीनचे अण्णा तांदळाला हळदकुंकू लावायला बसले. मुल्लांनी आम्हा दोघांना देवळामागं पाठवलं. “काय बोलायचं असंल ते बोलून घ्या. नंतर जन्मभर तिचंच ऐकायचंय.”

देवळामागं एक करंजीचं झाड होतं. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

“अवो नवरदेव,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “हे लगीन व्हायचं न्हाई.”

“मलाबी करायचं न्हाई.”

“मग मोडा की!”

“तुम्ही मोडा. नवरीनं मोडलं तर शोभतं.”

“मोडलं की त्यो हवालदार माघारी धाडील. मला सोनकवठ्याला पोचायलाच पायजे.”

“मला वडजाईला पोचायलाच पायजे.”

“कशाला?”

“क्लॅरिनेटची रीड आणायला.”

“बाशिंग बांधून?”

“तुम्ही कशाला निघालाय?”

“भाकऱ्या करायला. मी लग्नाकार्यात भाकऱ्या थापते. शालन म्हणत्यात मला.”

“शालू नेसून भाकऱ्या?”

 ती तोंडाला पदर लावून हसली. हसताना तिचे खांदे हलले आणि मुंडावळ्यांचे मोती एकमेकांवर आपटले. का कोण जाणे, मला तो आवाज आवडला. आणि तिथंच माझी पंचाईत झाली.

मी जन्मभर थापा मारल्यात. सोनकवठ्याच्या वेशीत वाघाला क्लॅरिनेट ऐकवून झोपवलंय म्हणून सांगितलंय, आणि लोकांनी ऐकलंय. पण अक्षता खोट्या पडत नाहीत हो. त्या पडल्या की पडल्या. एका परक्या बाईला काही न सांगता तिच्यापुढं उभं राहायचं, आणि आपल्या रक्तात काय आहे ते तिला ठाऊक नाही, हे मला काही केल्या जमेना.

“बाई,” मी म्हणालो, “तुम्ही माझ्याशी लगीन करणं बरं न्हाई. वयाचं सोडा. मला एक...”

“चला!” मुल्लांची आरोळी आली. “घटका भरली!”

देवळापुढं अंतरपाट धरला होता. दुधाच्या कॅनवरचा ओला पंचा, एक टोक चेअरमनांच्या हातात, दुसरं अण्णांच्या. पंच्याला आंबूस वास येत होता. अलीकडं मी, पलीकडं शालन, मला नुसते तिच्या बांगड्यांचे हात दिसत होते. दोन्ही वऱ्हाडांनी मुठीत अक्षता घेतल्या. मुल्लांनी टोपी नीट केली, छाती भरून श्वास घेतला आणि सुरू केलं. काय आवाज! समोरच्या डोंगरावरून दुसरे मुल्ला उत्तर देत होते. मीसुद्धा मनात म्हणालो, बँडला घ्यावा असा गडी आहे.

पहिलं कडवं संपलं. दुसरं सुरू झालं. आणि बरोबर नऊ वाजले.

माझ्या खिशातून कोंबडा आरवला.

त्याचं असं होतं. आम्हा सगळ्यांकडं एकाच कंपनीचा स्वस्तातला फोन. त्यात गजर लावून दिलेला वडजाईच्या ताईंनी. गजराला आवाज एकच, कोंबड्याचा. मी खिसा दाबेपर्यंत चेअरमनांच्या धोतरातून दुसरा आरवला. हौसाक्कांच्या कमरेच्या पिशवीतून तिसरा. मग ढोलामागून, झांजांमागून, टेम्पोच्या चाकाकडून. सगळे आपापला कोंबडा दाबत होते आणि कोंबडा ऐकत नव्हता.

आणि मग पलीकडून आरवला.

एक. दोन. मग सगळी वडजाई आरवली! ट्रॉलीतल्या म्हाताऱ्याच्या बंडीतून, एका बाईच्या झोळीतून, खुद्द नवरीच्या शालूतून. खिंडीत अशी काय पहाट झाली म्हणता! अण्णा पंचा सोडून कँटीनमागं खुराड्याकडं पळाले, चोर शिरला म्हणून. दोन्ही बाजूची माणसं एकमेकांकडं बघत उभी राहिली. तोंडं उघडी. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

मुल्ला कडव्यात अडकले होते. “एवढे फोन एकदम?” ते म्हणाले.

“मुहूर्त!” चेअरमन किंचाळले. “नऊचा मुहूर्त होता ना साहेब! चुकू नये म्हणून लावलेत!”

एवढ्यात आणखी एक कोंबडा आरवला. एकटाच, जरा उशिरानं. आम्ही इकडं तिकडं बघितलं. आवाज हवालदाराच्या वर्दीच्या खिशातून येत होता.

मुल्लांनी सावकाश फोन काढला, कोंबडा बंद केला, परत खिशात ठेवला.

“ड्युटीचा गजर,” ते म्हणाले. मग त्यांनी घसा खाकरला आणि डोंगराकडं बघत म्हणाले, “ज्याला अक्षता खायच्या असतील त्यानं खाऊन घ्या. पाणी कँटीनमधे हाय. तिसरं कडवं मी जरा सावकाश म्हणतो.”

सगळ्यांचे हात खिशात गेले, सगळ्यांचे हात तोंडाशी गेले. अण्णा खुराडं बघून परतले, तो सगळं वऱ्हाड माना वर करून काहीतरी गिळतंय! “अवो, टाकायच्या असत्यात, खायच्या न्हाईत!” असं ते कळवळून सांगत होते, आणि कुणी ऐकत नव्हतं.

मी माझी डबी उपडी केली. एकच गोळी निघाली. शेवटची. अंतरपाटाचं अण्णांचं टोक खाली लोंबत होतं, त्यातून पलीकडं शालनचा हात दिसत होता. तीही डबी उपडी करून हातावर आपटत होती. काही पडत नव्हतं. पुन्हा आपटली. नाहीच पडलं.

मी काही विचार केला नाही. पंच्याखालून हात पुढं केला. तळव्यावर माझी गोळी.

तिनं गोळीकडं बघितलं. पंच्यावरून मान वर काढली आणि माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता मुंडावळ्या काढून मारते.

“दुसऱ्याची गोळी घ्यायची न्हाई,” ती दातओठ खात पुटपुटली, “एवढं शिकवलं न्हाई व्हय तुमच्या ताईनं? गिळा गुपचूप.”

“आणि तुम्ही?”

“मी रात्रीच्याला घीन. तुमच्या गावात मिळतीय. तुम्ही गिळा आधी. लगीन लागायच्या आत नवऱ्याची गोळी चुकवली, तर मी नवरी कसली?”

मी गिळली. पाण्याविना. घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. मुल्लांना वाटलं, मी गहिवरलो. त्यांनी आवाज चढवला. “शुभमंगल सावधान!” अक्षता पडल्या. त्यात चुकून एकदोन शेंगदाणेही होते, अण्णांच्या परातीतले.

मग वरात निघाली. वडजाईची ट्रॉली पुढं, आमचा टेम्पो मागं, दोन्ही सोनकवठ्याच्या दिशेनं. ट्रॉलीतली माणसं खुशीत होती. टेम्पोतली रडकुंडीला आली होती. वडजाई मागं राहिली होती आणि आमच्या डब्या रिकाम्या होत्या.

शालन रीतीप्रमाणं माझ्या शेजारी बसली होती. तिनं विचारलं, “तुमची माणसं अशी मयताला चालल्यागत का?”

“आमचं औषध वडजाईला असतं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जातो.”

“वडजाईला? आमच्यात?” तिनं कपाळाला हात लावला. “आणि आम्ही महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तुमच्यात येतो! आमच्या दवाखान्याफुडं पिठाची गिरणी हाय. गिरणीतल्या बायांची तोंडं दळणापेक्षा जास्त चालत्यात. म्हणून एवढा घाट चढून तुमच्यात येतो!”

मग ती जी हसायला लागली! हौसाक्का हसल्या. मागं ढोल हसला. चेअरमन तेवढे हसले नाहीत.

“पण आता काय?” ते म्हणाले. “आमच्या फाटकासमोर सलून आहे. बबन्या आरशातून बघतो.”

“बघू दे की,” शालन म्हणाली. “त्याला वरात दिसंल. दोन गावची माणसं, ढोलताशा, नवरा-नवरी. त्या गर्दीत कोण कुठल्या खिडकीला उभा ऱ्हायला, हे कोण बघतंय? मास्तर, वाजवता का नुसतंच बाशिंग मिरवता?”

मी क्लॅरिनेट उचललं.

सोनकवठ्याच्या वेशीतून वरात शिरली आणि देवळाकडं न वळता सरळ दवाखान्याच्या फाटकात गेली. बबन हातात वस्तरा घेऊन सलूनच्या दारात आला. मागं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक.

“चेअरमन, वरात दवाखान्यात?”

चेअरमनांनी फेटा सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदाच ते त्या फाटकातून आत चालले होते. “वडजाईची रीत हाय,” ते ठणकावून म्हणाले. “नवरी आधी दवाखान्याच्या पाया पडते.”

“काय चांगली रीत!” बबन म्हणाला आणि वस्तऱ्यासकट नाचायला आत आला.

अख्खं गाव आवारात नाचत होतं. मी फुंकत होतो, आणि माझ्या मागनं एकेक जण हळूच आतल्या खिडकीकडं सरकत होता. तिथल्या ताई बाहेर आल्या, वडजाईची आपली माणसं बघितली, आमच्या हातातली औषधाच्या नोंदीची हिरवी पुस्तकं बघितली, नाचणारा बबन बघितला.  वडजाईच्या सेंटरला एक फोन लावला आणि कपाट उघडलं. चेअरमन बाहेर आले तेव्हा त्यांचा खिसा अगदी मुका होता. भरलेल्या डबीसारखा. ते येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “मास्तर, संध्याकाळी तुमच्यात चहाला येतो.” आले. बसून प्यायले.

तेव्हापासून आमच्याकडं कुठलीही वरात आधी दवाखान्याला वळसा घालते. का, विचारा. वडजाईची रीत आहे म्हणतात. वडजाईला जाऊन विचाराल, तर तिकडं ती सोनकवठ्याची रीत आहे. आणि सर्व्हेवाले ते साहेब पुन्हा आले, तेव्हा आमच्या सेंटरला आम्ही सगळे रांगेत उभे. साहेबांनी विचारलं, हुलगे सोडले का?

पण ते नंतरचं. त्या दिवशी गर्दी पांगल्यावर शालन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर तिची नवी डबी. मुंडावळ्या काढून तिनं पिशवीत ठेवल्या होत्या.

“झालं नाटक,” ती म्हणाली. “निघते मी. ट्रॉली थांबलीय.”

“निघा की,” मी म्हणालो. “पण खिंडीत मुल्ला हवालदार उभा हाय. सासरी गेलेली नवरी त्याच दिवशी माघारी दिसली, तर तो धरून पुन्हा लगीन लावील. मंगलाष्टकं त्याला आणखीही येत असतील.”

ती हसली नाही. डबी हातात घेऊन बघत राहिली.

“गोळ्या महिन्याच्या दिल्यात,” ती म्हणाली. “महिनाभर बघते. पुढचं पुढं.”

महिना झाला. औषध आणायला आम्ही दोघं बरोबर गेलो, त्याच फाटकातून, बबनच्या आरशासमोरून. येताना मी विचारलं, “काय मग?” ती म्हणाली, “अजून एक महिना बघू.” पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझं काही म्हणणं नव्हतं. दर महिन्याला माझं एकदा लग्न ठरायचं, एवढं सुख कुणाला मिळतं?

आता केस पार पांढरे झालेत, तिचे आणि माझेही. मधे सरकारनं तीन-तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी तिच्या वाटणीच्या तीन आणि माझ्या वाटणीच्या तीन अशा सहाही डब्या ओट्यावर ओळीनं मांडल्या, अंग ताठ केलं आणि विचारलं, “बोला बाई. तीन महिने?”

शालननं भाकरी तव्यावर टाकली, हात पुसले. डब्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“एवढ्या लांबचं मी आजवर कुणाला कबूल केलेलं न्हाई,” ती म्हणाली. मग ओळीतली एक डबी उचलून तिनं माझ्या हातात दिली, आणि “महिना झाला की पुढची मागा,” म्हणत माझ्या उरलेल्या दोन तिच्या तीनबरोबर आपल्या कपाटात ठेवून दिल्या.